पायलट व्हायचंय, वजन ९८ किलो. खरंच चालत नाही का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा यंदा बारावी झाला. फिजिक्स-मॅथ्सला चांगले मार्क पडलेत. सहावीपासून एकच ध्यास, पायलट व्हायचं. खोलीत कॉकपिटचं भलंमोठं पोस्टर, कुठलं बटण कशाचं ते तोंडपाठ. उंची १७२ सेंमी, वजन ९८ किलो. लहानपणापासून अंगाने भरलेलाच आहे, आमच्याकडे सगळेच तसे. पोहतो, सायकल चालवतो, पण वजन काही हटत नाही.

मागच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यात त्याचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, विमान वर जाईल का तुला घेऊन?" सगळे हसले, तोही हसला. पण घरी आल्यापासून दुपारी एकच पोळी घेतो, रात्री जेवतच नाही. आणि ते पोस्टर काढून, गुंडाळी करून कपाटावर ठेवून दिलंय.

तर मला नीट कळायला हवंय. पायलटसाठी वजनाची मर्यादा असते का? किती? आणि आत्ताच सोडून द्यायचं की प्रयत्न करायचा? फी ४५-५० लाखांच्या घरात सांगतात, त्यासाठी मिरजेजवळची थोडी जमीन विकावी लागेल, म्हणून आधी विचारतेय.

गोगलगाय
वाचतेय. काकांना साखरपुड्यातच दोन शब्द सुनवायला हवे होते.

बटाटेवडा१२
माझ्या माहितीप्रमाणे उंचीच्या हिशोबाने वजन लागतं. १७२ ला साधारण ६६-६७ किलो, १० टक्के इकडेतिकडे. त्याच्यावर गेलं की बाद. चुलतभावाला असंच बाद केलं होतं.

एनडीएवाला_बाबा
वडा, तुमचे चुलतबंधू एअरफोर्सला गेले होते की सिव्हिलला? तो तक्ता सैन्यदलाचा वाटतोय. या दोन गोष्टींची लोक कायम खिचडी करतात.

माझा मुलगा खडकवासल्याला होता म्हणून एवढं माहीत आहे. एअरफोर्सच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये वजनाचे वय-उंचीनुसार तक्ते आहेत, शिवाय टेपने अंग मोजतात. उंची कमीत कमी १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, आणि मांडीची लांबी ६४ पेक्षा जास्त नको. मांडी कशाला मोजतात असं मी तिथल्या एका साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, सीटसकट बाहेर फेकला जाताना गुडघा समोरच्या पॅनलला लागला तर पाय राहणार नाही. एअरफोर्सच्या पिलाटस या शिकाऊ विमानातसुद्धा इजेक्शन सीट आहे, त्यामुळे हे माप पहिल्या दिवसापासून लागू.

एअरलाइनच्या विमानात इजेक्शन सीट नसते. तिथे हे काही नाही.

बटाटेवडा१२
बरोबर बाबा, एअरफोर्सच होतं. माझीच खिचडी झाली. ताई, माझा वरचा प्रतिसाद सोडून द्या.

लेफ्ट_सीट
ताई, मी १९ वर्षं एअरलाइनमध्ये उडवतोय, त्यातली ११ वर्षं कॅप्टन म्हणून. सरळ उत्तर देतो.

सिव्हिलमध्ये अमुक किलोच्या वर गेलात तर पायलट होता येणार नाही, असा आकडा नाही. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं मेडिकल असतं, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. कमर्शियल लायसन्सला क्लास वन लागतं. तिथे वजन-उंची घेऊन बीएमआय काढतात. तुमच्या मुलाचा ३३ च्या आसपास येतोय. ३० च्या वर गेलं की डॉक्टरांचं लक्ष जातं, मग साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी, झोप, सगळं खोदून बघतात. गरज वाटली तर 'टेम्पररी अनफिट' लिहून मुदत देतात, वजन कमी करून परत या म्हणून. त्यातला टेम्पररी हा शब्द लोक वाचतच नाहीत, अनफिट तेवढं वाचतात आणि रडत घरी जातात. माझ्या बॅचचे दोघं टेम्पररी अनफिट झाले होते, आज दोघंही कॅप्टन आहेत.

दुसरं, आणि हे पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. जमीन विकायच्या आधी मेडिकल करा. फ्लाइंग स्कूलच्या कौन्सेलरशी बोलायच्याही आधी. क्लास टू करा, त्याला लागून क्लास वन करा, दोन्ही हातात आले की मग पैशाचं बघा. लाखो रुपये भरल्यावर कलर व्हिजनमध्ये किंवा कानात अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. वजन कमी करता येतं, कलर व्हिजनला इलाज नाही. आणि मेडिकल एकदा झालं की सुटलो असं नसतं, ते दरवर्षी असतं. माझंही आहे पुढच्या महिन्यात.

कृष्णाकाठ
कॅप्टनसाहेब, खूप खूप आभार. मुलाला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. काही बोलला नाही, पण दोनदा वाचला.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, वजनाचा खरा हिशोब पाहाचा असन तर मे महिन्यात विदर्भात या!

मी तिकडे काही वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. नियमात आकडा नाही हे कॅप्टनचं बरोबर, पण विमानात आकडा आहे ना बाप्पा. सेसना १५२ घ्या, दोन सीटचं शिकाऊ विमान. उडताना जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. आमच्याकडच्या रिकाम्या विमानाचं वजन भरायचं ५२० च्या आसपास. उरले २३७. टाकी पूर्ण भरली की वापरता येणारं पेट्रोल ६७ किलो. म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान मिळून १७०. ताईंचा पोरगा ९८ आणि मी तेव्हा ८२. झाले १८०. दहा किलो जास्त!

मग करायचं काय? १४ लिटर पेट्रोल कमी भरायचं. तासाला बावीस-तेवीस लिटर लागतं, म्हणजे पाऊण तासाला थोडं कमी एवढं उडणं गेलं. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारायला काही फरक पडत नाही, पण लांबच्या क्रॉस कंट्रीला हाच मुद्दा येतो. रोज सकाळी डिपस्टिक घालून पेट्रोल मोजायचं, लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे वजनाच्या हिशोबाचा कागद भरायचा, आणि त्यात स्वतःचं खरं वजन लिहायचं. पोरं तिथे पाच किलो कमी लिहितात, लाज वाटते म्हणून. मी हँगरात वजनकाटाच आणून ठेवला होता. कोणी कोणाला हसायचं नाही हा नियम, हसला तर त्या दिवशी त्याचं फ्लाइंग बंद.

आता उन्हाचं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर. बाहेर ४४ डिग्री असलं की हवा इतकी पातळ होते, की विमानाला वाटतं आपण ४७०० फुटांच्या वर आहोत. महाबळेश्वर ४४०० च्या आसपास आहे, बघा. इंजिनाची ताकद कमी, पंखाची उचल कमी, धावपट्टी जास्त लागते, चढण मंद. त्या वेळी दहा किलोसुद्धा अंगावर येतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहाला पहिली सॉर्टी, साडेदहाला दुकान बंद.

सेसना १७२ असेल तर चिंताच नको. त्याचं आर मॉडेल ११११ किलोपर्यंत उडतं, रिकामं साडेसातशेच्या घरात, टाकी फुल करून हे दोघं बसले तरी ३५-४० किलो शिल्लक राहतात. तर ताई, स्कूल बघताना फी सोबत हेही विचारा, की ट्रेनिंग कोणत्या विमानावर आहे.

शांत_समुद्र
काय सुंदर प्रतिसाद आहे! इतकी वर्षं विमानाने जातेय पण हे डोक्यातच आलं नव्हतं कधी. म्हणजे सामानाच्या १५ किलोसाठी आपण काउंटरवर भांडतो आणि माणसांना कोणी वजन विचारत नाही ते कसं?

लेफ्ट_सीट
मोठ्या विमानात सरासरी धरतात. दीडशे-दोनशे माणसांत जाड-बारीक सगळे असतात, हिशोब जुळतो. विमान लहान झालं की सरासरी फसते. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला बीचक्राफ्ट १९०० हे १९ सीटचं विमान टेकऑफनंतर लगेच पडलं, २१ जण गेले. एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पात्याची केबल चुकीची जोडली होती हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे कागदावर वजन बसत होतं पण प्रत्यक्षात विमान जड होतं आणि भार मागे गेला होता. प्रवाशांचं सरासरी वजन जुन्या आकड्यांवर धरलेलं. त्यानंतर तिथे ते आकडे वाढवले.

किती किलो, याच्याइतकंच ते किलो कुठे ठेवलेत हे महत्त्वाचं. बैलगाडीत सगळी पोती मागे टाकली तर जू वर उचललं जातं, तसंच.

गोगलगाय
अवांतर: केदारनाथच्या हेलिकॉप्टरला बसायच्या आधी काट्यावर उभं केलं होतं आम्हाला. सासूबाईंनी आधी चपला काढल्या, मग शाल काढली, मग पर्स माझ्या हातात दिली. मी म्हटलं आई, पर्स माझ्या वजनात मोजतायत.

बटाटेवडा१२
:हहपुवा:

सातपुड्याचा_वारा
हेलिकॉप्टरचा विषय निघालाच आहे तर, रॉबिन्सन आर २२ वर शिकायचं असेल तर मात्र खरीखुरी मर्यादा आहे. सीटवरचा माणूस आणि सीटखालचं सामान मिळून २४० पौंड, म्हणजे १०९ किलो. त्याच कंपनीच्या आर ४४ ला ३०० पौंड, १३६ किलो. ही मर्यादा विमान बनवणाऱ्याची आहे, तिथे इन्स्ट्रक्टरची मर्जी चालत नाही.

निर्भीड_मत
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळे धीर देताय ते ठीक, पण मागे दोनशे लोक बसलेले असतात. पायलटला उडताना हार्ट अटॅक आला तर? मला वाटतं नियम कडकच हवा, अमुक बीएमआयच्या वर नाही म्हणजे नाही. एअर होस्टेसना वजन वाढलं म्हणून उडण्यावरून काढतात, २०१५ मध्ये एअर इंडियाने सव्वाशेच्या आसपास क्रूला काढायचं ठरवलं होतं, मग पायलटला वेगळा न्याय का?

स्टेथोस्कोप
निर्भीड, मत मांडलंत ते बरं केलंत, प्रश्न रास्त आहे. मी फिजिशियन आहे, विमानवैद्यक माझा विषय नाही, पण स्थूलतेचे पेशंट रोज बघतो.

बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. त्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. पैलवानाचा बीएमआय ३० येतो आणि सडपातळ दिसणाऱ्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाचा २४. त्या २४ वाल्याची साखर जास्त असू शकते. आपल्या भारतीय लोकांत पोटावरची चरबी लवकर साठते, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर २३ लाच जास्त वजन आणि २५ ला स्थूल म्हणतात. तेव्हा एकच आकडा ठरवून दार बंद केलं तर चुकीची माणसं बाहेर राहतील आणि चुकीची आत येतील. तपासणी कडक हवी, यात मी तुमच्यासोबत आहे. ती आजाराची हवी.

आणि मला वजनापेक्षा भीती वाटते ती झोपेची. स्लीप अॅप्निया. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्रभरात शेकडो वेळा मेंदू अर्धवट जागा होतो आणि माणसाला पत्ता नसतो. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. १३ फेब्रुवारी २००८ ला हवाईमध्ये होनोलुलूहून हिलोला जाणाऱ्या विमानात दोन्ही पायलट झोपी गेले, जवळजवळ १८ मिनिटं कंट्रोलला उत्तर नाही, विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेलं. जागे झाले, परत फिरले, सुखरूप उतरले. नंतर कॅप्टनला तीव्र स्लीप अॅप्निया असल्याचं निदान झालं. ताई, मुलगा घोरतो का? तेवढं बघा.

टेक्सासकर
डॉक्टरांना +१. इथे अमेरिकेत २०१३ मध्ये एफएएने, म्हणजे इथल्या डीजीसीएने प्रस्ताव आणला होता, की ज्या पायलटचा बीएमआय ४० किंवा जास्त आणि मानेचा घेर १७ इंच किंवा जास्त, त्याची झोपेची तपासणी झाल्याशिवाय मेडिकल द्यायचं नाही. पायलट संघटना खवळल्या, इथल्या संसदेपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी मार्च २०१५ पासून नवी पद्धत आली. नुसत्या बीएमआयवर ठरवायचं नाही, डॉक्टरने एकूण धोका बघायचा, शंका वाटली तर तपासणीला पाठवायचं आणि तोवर पायलटला उडता येतं. उपचार घेतले की प्रश्न मिटला. मी स्वतः रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू न देणारं) लावून झोपतो आणि वीकेंडला छोटं विमान उडवतो.

त्याआधी दोन वर्षं मी घोरण्याचं डॉक्टरला सांगितलंच नव्हतं, लायसन्स जाईल म्हणून. कडक आकडा लावला की लोक असे लपवतात, निर्भीडसाहेब.

निर्भीड_मत
हा लपवण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आकड्याचा आग्रह मी सोडतो. तपासणी कडक, हे मात्र कायम.

फुलपाखरू_पुणे
एअर होस्टेसचा विषय निघाला म्हणून. मी केबिन क्रू होते, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या वेळी बाईला बीएमआय २२ पर्यंत आणि पुरुषाला २५ पर्यंत, असं नॉर्मल ठरवलं होतं. त्याच विमानात, त्याच दारातून धूर निघाला तर तीच माणसं बाहेर काढायची, मग मला २२ आणि त्याला २५ का? बाळंतपणानंतर परत यायला मी पाच आठवडे फक्त काकडी आणि ताक यावर काढले. मेडिकलच्या दिवशी चक्कर येऊन पडले. कोणी त्याबद्दल विचारलं नाही, वजन बसलं ना मग झालं.

कृष्णाकाठताई, तो रात्री जेवत नाही हे वाचून मला आधी तेच आठवलं. कृपा करून त्याला जेवायला घाला.

स्टेथोस्कोप
फुलपाखरू, हे वाचून वाईट वाटलं. आणि तुम्ही म्हणता ते अगदी खरं. मेडिकलच्या आधी लघवीच्या गोळ्या घेऊन पाणी काढणारी मुलं येतात आमच्याकडे. पोटॅशियम घसरतं, ईसीजी बदलतो. उपाशी राहिलेल्याच्या लघवीत कीटोन दिसतात. म्हणजे वजनात पास व्हायला जातात आणि जे निरोगी होतं त्यात शंका काढून घेतात. महिन्याला दोन-अडीच किलो, सावकाश. भाकरी, उसळ, भाजी, सगळं खायचं. गोड चहा आणि फरसाण कमी. त्याच्या बीएमआयला ३० च्या खाली यायला ८८ किलो पुरे आहेत, ६६ नकोत. हा आकडा त्याला सांगा. दहा किलो डोळ्यासमोर असले की जमतं, बत्तीस असले की माणूस बसूनच राहतो.

चिमणी_४४
मी उलट्या बाजूची! :) वय १९, उंची १६०, वजन ४४. मलाही सीपीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स करायचंय. सगळे म्हणतात वारा आला तर तूच उडशील. कमी वजनाला काही अडचण असते का?

हडपसर_हँगर
चिमणीताई, हो, असते, आणि त्याच्यावर उपायही असतो. मी कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो. ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये पाटी असते, पुढच्या सीटवर कमीत कमी किती वजन हवं त्याची. बऱ्याच ग्लायडरना सत्तर किलोच्या आसपास असतं. माणूस हलका असला की नाक वर जातं, विमान अडखळून पडायची भीती. मी तेव्हा ५८ किलोचा होतो. मग शिशाच्या वजनांची बॅलास्ट सीटखाली घट्ट बसवायची आणि उडायचं. विंचने खेचून सर्रकन वर नेलं, दोरी सुटली, की एकदम शांतता, खाली मुळा-मुठा आणि उसाचे मळे. ती शांतता आजही कानात आहे.

एनडीएवाला_बाबा
लढाऊ विमानातसुद्धा हलक्या माणसाला अडचण येते. २०१५ मध्ये अमेरिकेने १३६ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ६२ किलोपेक्षा हलक्या पायलटना एफ ३५ उडवायला मनाई केली होती. हेल्मेट जड, सीट जोरात बाहेर फेकते, मान मोडायची भीती. मग हेल्मेट हलकं केलं, हलक्या माणसासाठी पॅराशूट थोडं उशिरा उघडेल असा स्विच दिला, डोक्यामागे आधार दिला, आणि २०१७ मध्ये मनाई उठली. माणसाला बदला म्हणाले नाहीत, सीट बदलली.

लेफ्ट_सीट
चिमणी, सेसनामध्ये तुझ्या वजनाची अडचण नाही. बीएमआय १७ येतोय, म्हणून मेडिकलला रक्त, थायरॉइड वगैरे बघतील, हिमोग्लोबिन आधीच तपासून घे. उंचीचं म्हणशील तर रायबरेलीजवळच्या सरकारी अकादमीत, इग्रुआमध्ये, कमीत कमी १५८ सेंमी लागते, तू बसतेस.

कृष्णाकाठ
दीड महिन्याने परत आले, क्षमस्व. सांगायला उशीर केला कारण हातात काहीतरी आल्यावरच सांगावं असं वाटलं.

क्लास टू झालं! डॉक्टरांनी बीपी पहिल्यांदा घेतलं ते जास्त आलं, पोरगा घाबरला होता, अर्ध्या तासाने शांत बसवून परत घेतलं ते बरोबर आलं. साखर नॉर्मल. कलर व्हिजन नॉर्मल. घोरतो का विचारलं, मी खरं सांगितलं की पाठीवर झोपला की थोडा घोरतो, तर झोपेची तपासणी करून घ्या म्हणाले. ती केली, काही निघालं नाही. वजन ९४ भरलं. क्लास वनची तारीख दोन महिन्यांनी घेतलीय, तोवर ९० च्या आत यायचं असं त्यानेच ठरवलंय. रात्री जेवतो. ज्वारीची भाकरी, दोन. सकाळी कृष्णेत पोहायला जातो, पाणी वाढलं की तलावावर.

जमिनीचा व्यवहार थांबवलाय. क्लास वन हातात आल्याशिवाय सही करायची नाही असं यांनाही पटलं. वऱ्हाडी दादांचा हिशोब मुलाने वहीत उतरवून घेतला आणि फोन करून दोन स्कूलना विचारलं, की ट्रेनिंग १५२ वर की १७२ वर आणि रिकामं विमान किती किलोचं. दुसऱ्या स्कूलमधला माणूस म्हणाला, हा प्रश्न आम्हाला बारावीच्या मुलाने पहिल्यांदाच विचारला.

पोस्टर अजून कपाटावरच आहे. मी काही म्हटलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
वा! वजन खरं लिहिणारा पोरगा आहे, याला मी डोळे झाकून सोलोला सोडला असता. एक सांगून ठेवतो त्याला. पहिल्या सोलोला इन्स्ट्रक्टर उतरला की विमान ऐंशी किलो हलकं होतं. धावपट्टीवरून लवकर उचलतं, उतरताना जमिनीजवळ तरंगत राहतं, खाली बसतच नाही. घाबरायचं नाही, हातातलं कंट्रोल पुढे ढकलायचं नाही, वाट पाहाची.

निर्भीड_मत
अभिनंदन ताई. क्लास वनचंही कळवा, वाट बघतोय.

चिमणी_४४
मस्त!! माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं, गोळ्या चालू केल्यात. कॅप्टनकाकांचे आभार, नाहीतर थेट मेडिकललाच कळलं असतं. अजून एक प्रश्न. मी एका क्लबमध्ये १५२ मध्ये नुसती बसून बघितलं, तर समोरच्या पॅनलवरून धावपट्टी दिसतच नाही आणि रडरचं पेडल पूर्ण दाबायला पाय पुरत नाही. यात काही करता येतं?

वऱ्हाडी_ठेचा
उश्या. दोन. एक बुडाखाली आणि एक पाठीमागे, पाठीमागची जाड. भुसभुशीत स्पंज नको, टेकऑफला दबतो आणि तू मागे सरकतेस, पाय पेडलवरून सुटतो. नारळाच्या काथ्याची कडक उशी शिवून घे, खालून न घसरणारं कापड लाव. सीट पुढे घेतली की खटका रुळात पक्का बसला का ते प्रत्येक वेळी हलवून बघ. आणि उशीवर नाव लिहून ठेव, क्लबमध्ये पहिली चोरी उशीचीच होते.